झिजणे आणि करपणे : कर्तबगारांच्या शिणवट्याचे एक मराठी वाचन

गेल्या फेब्रुवारीत मी तीन आठवडे दिवेआगरला राहिले. बरोबर चार पुस्तके होती. रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’, अण्णासाहेब कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’, आनंदीबाई कर्वे यांचे ‘माझे पुराण’ आणि डॉ. अभय बंग यांचे ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. चरित्रात्मक गद्यावर लेख द्यायचे मी कबूल केले होते, पण त्याआधीचे आठ महिने माझ्याच्याने एक कादंबरीही पुरी वाचून झाली नव्हती. एका महाविद्यालयात मी तीस वर्षे मराठी शिकवले. त्यातली शेवटची सहा वर्षे प्राचार्यपद होते. वाचता न येणारी मराठीची प्राध्यापक ही गोष्ट कुणाला सांगण्यासारखी नव्हती, म्हणून सांगितली नाही. डॉक्टरांनी रक्त तपासले, सगळे आकडे जागेवर निघाले आणि त्यांनी रजा घ्यायला सांगितले.

ज्या घरी उतरले तिथल्या काकूंनी दुसऱ्याच दिवशी मला स्वयंपाकघरात मोकळा प्रवेश दिला. त्या मागे वाडी शिंपायला गेल्या होत्या आणि मी चुलीपाशी पाटावर रमाबाई उघडून बसले होते. थोड्या वेळाने विहिरीकडून हाक आली, “अहो बाई, भात लागला की!” मी चुलीपासून दोन हातांवर होते, तरी मला वास आला नव्हता. काकू तीस-चाळीस पावलांवर पोफळींत होत्या आणि त्यांना तो आला. झाकण काढले तर वरचा भात पांढराशुभ्र, मोकळा, शीत न् शीत वेगळे. बूड मात्र काळे झालेले.

या लेखातले जे काही आहे ते त्या भातावरून सुचले आहे.

इंग्रजीतल्या ‘बर्नआउट’ला मराठी शब्द नाही, अशी तक्रार आपण अधूनमधून ऐकतो. शीण, शिणवटा, दमणूक, वीट, मेटाकुटीला येणे, पिचणे असे शब्द आपल्याकडे पुष्कळ आहेत, पण त्यांतला कुठलाच नेमका तो नव्हे. शीण झोपेने जातो. वीट कामाचा येतो आणि काम बदलले की ओसरतो. पिचणारा माणूस दुसऱ्याच्या ओझ्याखाली पिचतो. ‘जळणे’ म्हणावे तर मराठीत माणूस दुसऱ्याच्या भाग्यावर जळतो. स्वयंपाकघरातला ‘करपणे’ हा शब्द मात्र नेमका बसतो. करपणे खालून सुरू होते, वरून दिसत नाही आणि त्याचा पहिला वास भांड्याजवळ बसलेल्याला येईलच असे नाही.

इंग्रजी शब्दाचा इतिहासही काहीसा असाच आहे. न्यूयॉर्कमधले मानसतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडेनबर्गर दिवसभर स्वतःचा व्यवसाय करून रात्री एका मोफत दवाखान्यात काम करत. तिथल्या स्वयंसेवकांत त्यांनी जे पाहिले आणि स्वतःतही अनुभवले, त्याला त्यांनी १९७४ साली एका लेखात हे नाव दिले. त्याच्या आधी, १९६०च्या सुमारास, ग्रॅहम ग्रीन यांच्या ‘अ बर्न्ट-आउट केस’ या कादंबरीत हा शब्द कुष्ठरोगाच्या परिभाषेतून आला होता. रोग जळून विझला, पण जाताना बोटे घेऊन गेला, असा तो रुग्ण. ग्रीनचा नायक नामांकित वास्तुविशारद आहे. कशानेच काही वाटेनासे झाल्यावर तो काँगोतल्या कुष्ठधामात जाऊन राहतो, आणि तिथेही लोक त्याला शोधून काढतात व संत ठरवतात. हा तपशील मराठी वाचकाने लक्षात ठेवावा. थकलेल्या माणसाला संत करून टाकणे ही आपलीही जुनी सवय आहे.

पुढे ख्रिस्तिना मास्लाक यांनी या अवस्थेची तीन अंगे सांगितली : पार गळून जाणे, ज्यांच्यासाठी काम करायचे त्याच माणसांबद्दल कोरडे होणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटत राहणे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आपल्या रोगवर्गीकरणात याची नोंद केली, पण रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या जागेशी निगडित घटना म्हणून. मला यातले दुसरे अंग सर्वांत महत्त्वाचे वाटते. थकवा सांगता येतो, मिरवताही येतो. कोरडेपणा ज्याचा त्याला दिसत नाही.

माझा कोरडेपणा असा होता. ऑक्टोबरमध्ये द्वितीय वर्षाचा एक मुलगा केबिनमध्ये आला आणि म्हणाला, “मॅडम, माझे वडील गेले.” मी मूल्यांकनाच्या फायलीत होते. मान वर न करता म्हटले, “हजेरीच्या सवलतीचा अर्ज कार्यालयात दे, दाखल्याची प्रत जोड.” तो गेला. आपण काही वावगे केले असे मला वाटले नाही, कारण सूचना अचूक होती. संध्याकाळी आमचे शिपाई चहाचा कप उचलताना म्हणाले, “मॅडम, ते पोरगं जिन्यात बसून रडत होतं.” वास त्यांना आला होता.

आता पुस्तकांकडे वळते.

मराठीतल्या मृत्युलेखांची आणि गौरवग्रंथांची भाषा पाहिली तर एक क्रियापद पुन्हा पुन्हा भेटते : झिजणे. अमुक एक चंदनासारखे झिजले, संस्थेसाठी देह झिजवला, अविश्रांत, अहोरात्र, तहानभूक हरपून. चंदनाच्या प्रतिमेत एक सोय आहे. खोड झिजते तेव्हा सुगंध येतो, म्हणजे झिजण्याचा हिशेब फायद्यात निघतो. भात करपतो तेव्हा येणाऱ्या वासाला कुणी सुगंध म्हणत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातली पुणे-मुंबईची पिढी या भाषेचा मूळ नमुना आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकर ३१व्या वर्षी गेले (१८८२), न्यायमूर्ती तेलंग ४३व्या वर्षी (१८९३), आगरकर चाळिशीच्या आत (१८९५), गोखले ४८व्या वर्षी (१९१५). ही माणसे कामाने मेली असे म्हणणे अडाणीपणाचे होईल. दमा, मधुमेह, साथीचे ताप यांवर त्या काळी औषधे नव्हती. मेलेल्यांचे मागाहून निदान करण्याचा सोस मला नाही. मात्र त्यांच्या अल्पायुष्याचा आपण जो अर्थ लावला तो तपासता येतो : कर्तृत्व आणि आयुष्य यांचे व्यस्त प्रमाण असते आणि असावे, असे आपण दीडशे वर्षे मुलांना शिकवत आलो.

रमाबाई रानडे यांचे पुस्तक १९१०चे, गोखल्यांच्या प्रस्तावनेसह. पतिभक्तीचा ग्रंथ म्हणून ते वाचले जाते आणि तसे ते आहेच. पण चुलीपाशी बसून, भात करपवून, वाचताना मला त्यात दुसरे पुस्तक दिसले. माधवरावांचे डोळे विद्यार्थिदशेतल्या अतिवाचनाने अधू झालेले. पुढे दुसऱ्याने वाचून दाखवायचे आणि त्यांनी ऐकायचे, अशी पद्धत पडली. वाचून दाखवणाऱ्यांत रमाबाई होत्या. म्हणजे ज्या इंद्रियाने थांबण्याची सूचना दिली, त्याला वगळून काम चालू राहिले. अर्थसमितीच्या कामासाठी ते कलकत्त्यात होते तेव्हाची गोष्ट प्रसिद्ध आहे. रमाबाईंना बंगाली शिकवायचे म्हणून ते स्वतः आधी शिकू लागले आणि दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच अडलेले शब्द विचारू लागले. रमाबाईंना याचे हसू आले. आपणही हसतो. मग लक्षात येते, या माणसाच्या दिवसात गालावर वस्तरा फिरत असतानाची पाच मिनिटेही रिकामी नव्हती. आंब्याच्या दोन फोडी खाऊन हात आवरणाऱ्या संयमी रानड्यांची गोष्ट आपल्या घराघरांत सांगितली जाते. जिभेचा संयम त्यांना साधला होता. कामाचाही संयम असू शकतो, हे त्या नीतिशास्त्रात बसतच नव्हते.

१९०० साली ‘राइज ऑफ द मराठा पॉवर’ प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या अखेरीस प्रकृतीमुळे त्यांना लाहोरच्या सामाजिक परिषदेला जाता आले नाही आणि त्यांचे भाषण गोखल्यांनी वाचले. १६ जानेवारी १९०१ रोजी, एकोणसाठावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना, ते गेले. शेवटच्या महिन्यांबद्दल रमाबाई लिहितात तेव्हा भाषा बदलते. तक्रार नाही, आरोप तर नाहीच. पण श्वास, पावले, झोप, जेवणातले बदल त्या ज्या बारकाईने टिपतात, ती बारकाई पुस्तकात अन्यत्र मला आढळली नाही. रानड्यांच्या विचारांवर लिहिलेल्या मोठाल्या ग्रंथांत हे नाही. ते त्यांच्याजवळ बसलेल्या बाईने लिहिले, पस्तीस-चाळीस पावलांवरून वास घेणाऱ्या काकूंसारखे.

माझा मुद्दा असा की कर्तबगार मराठी पुरुषांच्या शिणवट्याचे दप्तर त्यांच्या आत्मचरित्रांत नाही, त्यांच्या बायकांच्या आठवणींत आहे. समीक्षकांनी या पुस्तकांकडे स्त्रीच्या घडणीचे दस्तऐवज म्हणून पाहिले, आणि ते योग्यच झाले. पण ती शेजारच्या माणसाच्या करपण्याची साक्षही आहेत.

कर्वे दांपत्याची जोडपुस्तके पाहावीत. अण्णासाहेबांचे ‘आत्मवृत्त’ १९१५चे, आनंदीबाईंचे ‘माझे पुराण’ १९४४चे. अण्णासाहेब मुरूडचे, म्हणजे दिवेआगरहून दक्षिणेला, याच किनाऱ्यावरचे. परीक्षेसाठी पोरवयात मुरूडहून साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वय लहान दिसते म्हणून परत पाठवले गेले. पुढे फर्ग्युसनमधले गणित शिकवून हिंगण्याला पायी जात राहिले. हा माणूस १०४ वर्षे जगला. तेव्हा माझ्या सिद्धांताला हा मोठाच अडथळा आहे आणि तो मी लपवत नाही. अण्णासाहेब करपले नाहीत. ते संथ होते, त्यांच्या गद्यासारखेच. निकड त्यांच्या वाक्यात नाही. पण ‘माझे पुराण’ उघडले की हिशेबाची दुसरी बाजू दिसते. आयुर्विम्याची पॉलिसीही नवऱ्याने संस्थेला देऊन टाकल्यावर मुलांचे कसे होणार, ही चिंता कुणी वाहिली ते कळते. एखादा माणूस करपत नाही तेव्हा त्याच्या खालची आच कुणी कमी केली, हेही विचारायला हवे. रमाबाईंच्या, आनंदीबाईंच्या स्वतःच्या दमण्याची नोंद तर त्यांच्याच पुस्तकांत चोरपावलांनी येते. त्यांच्या शेजारी वास घेणारे कुणी नव्हते.

आता ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’. मराठी वाचकाला याचा परिचय करून देण्याची गरज नाही, राजहंसच्या या पुस्तकाच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या आहेत. गडचिरोलीत १९८६ पासून ‘सर्च’ उभी करणाऱ्या डॉक्टरला १९९५ साली, चव्वेचाळिसाव्या वर्षी, हृदयविकाराचा झटका आला. पुस्तक हृदयरोगाचे आहे, मी ते शिणवट्याचे म्हणून वाचते आहे, ही माझी जबरदस्ती मान्य. पण तिला आधार आहे. माझ्या वाचनात हे पहिले मराठी पुस्तक, जिथे करपलेला माणूस स्वतःच झाकण उघडून बूड दाखवतो. साक्षीला बायको बसवत नाही. घाई, चढाओढ, राग, मृत्यूचे भय, सगळे प्रथमपुरुषी एकवचनात. ध्येयवादी माणूसही आतून स्पर्धेत असतो, सेवेतही अहंकाराची चढण असते, हे सेवाग्रामच्या संस्कारात वाढलेल्या माणसाने लिहिणे ही मराठी गद्यातली मोठी घटना आहे. ‘झिजणे’ या क्रियापदाचे पावित्र्य या पुस्तकाने उतरवले.

आक्षेप एक आहे, आणि तो आदर राखून नोंदवते. या पुस्तकातला बरे होण्याचा मार्ग आहार, व्यायाम, योग, ध्यान आणि चिंतन यांचा आहे, आणि तो विलक्षण शिस्तीने आखलेला आहे. वाचकाच्या हाती तो पडतो तेव्हा त्याचा पुन्हा एक अभ्यासक्रम होतो. माझ्याच पिढीतले कितीतरी पहिल्या नंबरचे विद्यार्थी हे पुस्तक वाचून विश्रांतीतही पहिले यायला निघाले. चालण्याची पावले मोजली, तेलाचे चमचे मोजले, ध्यानाची मिनिटे मोजली. ज्या मोजण्याने घात केला त्याच मोजण्याने सुटका शोधणे, हा कर्तबगार माणसाचा स्वभावदोष आहे. पुस्तकाला त्याची जाणीव आहे, पण वाचकांना ती फारशी झाली नाही. शिवाय एक गोष्ट पुस्तकाबाहेरची. १९९५ सालीच गडचिरोलीतल्या खेड्यांत घरोघरी नवजात बाळांच्या उपचाराचा प्रयोग सुरू झाला. त्याचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला आणि जगभर त्याची दखल घेतली गेली. म्हणजे बंगांचे सर्वांत मोठे काम झटक्यानंतरचे आहे. ‘मंदावलो तरी काम थांबले नाही’ की ‘मंदावलो म्हणूनच ते झाले’, या दोन वाचनांतले कोणते खरे? मी पुस्तक दोनदा वाचले आणि दोनदा वेगळे उत्तर मिळाले.

मास्लाक यांनी पुढे मायकेल लायटर यांच्याबरोबर जे मांडले ते इथे उपयोगी पडते. कामाचे ओझे, त्यावरचा ताबा, मोबदला, सहकाऱ्यांशी नाते, न्याय आणि मूल्ये या सहा ठिकाणी माणूस व नोकरी यांचे जमेनासे होते आणि तिथून शिणवटा सुरू होतो. सहापैकी एकही जागा माणसाच्या श्वासात किंवा ताटात नाही. भात करपला तर दोष तांदळाचा नसतो. आच कुणाच्या हातात आहे ते पाहावे लागते. २०२३मध्ये इन्फोसिसच्या नारायण मूर्तींनी तरुणांना आठवड्याला ७० तासांचा सल्ला दिला. २०२५च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांचे ९० तासांचे बोल बाहेर आले. या दोहोंच्या मधोमध, २०२४च्या जुलैत, पुण्यात नोकरीला लागून चारच महिने झालेली एक २६ वर्षांची सनदी लेखापाल मुलगी वारली. तिच्या आईने कंपनीच्या अध्यक्षांना लिहिलेले पत्र सप्टेंबरमध्ये देशभर वाचले गेले. कंपनीने कामाच्या ओझ्याचे कारण नाकारले, आणि त्याचा निवाडा करणे हे माझे काम नाही. समीक्षक म्हणून मला एवढेच दिसते की तेही पत्र जवळच्या बाईनेच लिहिले होते. रमाबाईंच्या पुस्तकानंतर ११४ वर्षांनी साक्षीदार तोच आहे, फक्त पत्नीच्या जागी आई आली. आणि भाषा बदलली. या आईने ‘झिजली’ म्हटले नाही.

दिवेआगरात शुक्रवारी रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्या येतात आणि रविवारी दुपारी जातात. १९९७मध्ये पोफळीच्या बागेत सुवर्णगणेश सापडल्यापासून हा ओघ वाढला. २०१२च्या दरोड्यात मूर्ती आणि दोन पहारेकरी गेले, त्यानंतरही तो पुरता थांबला नाही. सुरूच्या बनात लॅपटॉप उघडून बसलेली तरुण माणसे मी पाहिली. एकजण समुद्राकडे पाठ करून बैठकीत बोलत होता, कारण उजेड तोंडावर हवा. मला त्याचे हसू आले नाही. त्या शनिवारी काकूंनी बावीस पाहुण्यांचे उकडीचे मोदक केले, पहाटे चारपासून. निसर्ग वादळात, ३ जून २०२०ला, त्यांची निम्मी वाडी झोपली. नवी रोपे लावली आहेत, त्यांना अजून फळ नाही. म्हणून ही खाणावळ. त्यांच्या तासांची बेरीज केली तर उद्योगपतींचा आकडा सहज ओलांडेल, पण त्या दमण्याला ‘बर्नआउट’ म्हणायला कुणी येणार नाही. मी ज्या चार पुस्तकांवर लिहिते आहे त्यांतही त्या नाहीत. हा या लेखाचा उणेपणा आहे. तो भरून काढण्याइतके साहित्य माझ्यापाशी नाही.

निघायच्या आदल्या दिवशी मी कार्यालयात फोन करून त्या मुलाचा नंबर घेतला. काय बोलायचे ते कागदावर लिहून काढले, मग कागद बाजूला ठेवला. फोन लागला. मी नाव सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता, मागे बसस्थानकाचा गलका. मग तो घाईघाईने म्हणाला, “मॅडम, अर्ज मी तेव्हाच दिला होता. दाखल्याची प्रतपण जोडली होती.”